सर्टिफिकेट असलेला सिनेमा, पण हॉल मिळेना

गोदाकाठ

शनिवारी दुपारी साडेचारला मॅनेजरचा फोन आला. आम्ही तिघं तेव्हा हॉलवरच होतो, खुर्च्या पुसून रांगा लावत होतो. "दादा, उद्याचं राहू द्या. वरून नको म्हणतायत." वरून म्हणजे कोण, हे चारदा विचारलं. चारही वेळा एकच उत्तर, "तुम्ही समजून घ्या ना." माणूस वाईट नाही. दोन वर्षं ओळखतो आम्हाला, भाड्यासाठी कधी अडून बसला नाही. एकदा कार्यक्रमाच्या मध्येच लाइट गेली तर स्वतः जनरेटरसाठी डिझेल घेऊन आला होता. त्यामुळं राग काढायला समोर कुणीच नव्हतं. खुर्च्या परत एकावर एक रचल्या, पडदा गुंडाळला आणि घरी आलो.

आमचा नाशिकचा गट इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. रविवारी सकाळी मिसळीला जमणारे आठ-दहा जण. दुसऱ्यांदा रस्सा मागवेपर्यंत सिनेमा, त्यानंतर राजकारण, असा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यातूनच ठरलं की राजकारणावरचे मराठी सिनेमे सगळ्यांनी मिळून मोठ्या पडद्यावर बघायचे. तिकीट नाही, हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यायची, आणि सिनेमा संपल्यावर तासभर बोलायचं. 'सामना' झाला. 'सिंहासन' झाला, त्या दिवशी मागं उभं राहून लोकांनी पाहिला. एक आजोबा नंतर उठून म्हणाले, १९७९ साली हा सिनेमा आला तेव्हा मी मंत्रालयात कारकून होतो, आणि पुढची वीस मिनिटं हॉलमध्ये फक्त तेच बोलत होते. कुणी हललं नाही.

आता पाळी होती 'कोर्ट'ची. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मॅनहोलमध्ये उतरणारा एक कामगार मरतो. त्यानं आत्महत्या केली आणि ती एका लोकशाहिराचं गाणं ऐकून केली, असा खटला त्या म्हाताऱ्या शाहिरावर उभा राहतो. बस, एवढंच. मारामारी नाही, मोठी भाषणं नाहीत, तारखा पडत राहतात. सरकारी वकील बाई लोकलनं घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. न्यायाधीश एका बाईचा खटला ऐकायला नकार देतात, कारण तिच्या कपड्यांना बाह्या नाहीत. २०१५ साली हा सिनेमा राजरोस थिएटरात लागला होता. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, भारतातर्फे ऑस्करला गेला. आणि दहा वर्षांनी आमच्या साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये तो चालत नाही.

बंदीचा आदेश आला असता तर निदान हातात कागद असता, वाचता आला असता, त्याविरुद्ध दाद मागता आली असती. इथं काहीच नाही. पुढं काय करावं, हे खरंच विचारतोय.

सिडकोवाली

वाचून फार वाईट वाटलं. मी रविवारी येणार होते, शेजारच्या आपांनाही घेऊन.

"समजून घ्या" हे वाक्य मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून चांगलं पाठ आहे. तिथं "राजकारण नको" असा नियम आहे. पाणी कमी दाबानं येतं असं लिहिलं, तरी कुणीतरी लगेच हात जोडलेलं चित्र टाकतं. अहो, पाणी महापालिका देते! २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं इथं प्रशासक होते. तक्रार घेऊन जायला वॉर्डात निवडून आलेला माणूसच नव्हता. हे बोललं की ते राजकारण. मग राजकारण नको म्हणजे नक्की काय नको?

बाररूम

कायद्याच्या बाजूनं थोडं सांगतो, कारण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे.

सिनेमाला प्रमाणपत्र मिळालं की तो लोकांना दाखवायची मुभा मिळते. ते देणाऱ्या मंडळाच्या नावात १९८३ पर्यंत 'सेन्सॉर' हा शब्द होता, मग 'प्रमाणन' आला. लोकांच्या तोंडी अजून सेन्सॉरच आहे, आणि खरं सांगायचं तर कामही बरंचसं तेच आहे. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी एका लघुपटावरून सर्वोच्च न्यायालयात हाच प्रश्न नेला होता, की पुस्तकाला आधी परवानगी लागत नाही, मग सिनेमाला का? न्यायालय म्हणालं, सिनेमाचा माणसाच्या मनावर परिणाम जास्त होतो, म्हणून पूर्वपरीक्षण चालेल. ते अजून चालूच आहे. २०२३ च्या दुरुस्तीनं दहा वर्षांची मुदत काढून प्रमाणपत्र कायमचं केलं आणि यूए गटात ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आणले, हे बरं झालं. पण मंडळाविरुद्ध दाद मागायला जे अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद केलं. आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याचं ठीक आहे. पदरचे पैसे घालून सिनेमा करणारा पोरगा एवढा खर्च आणि एवढ्या तारखा कुठून सोसणार? तो दोन कट निमूटपणे मान्य करतो आणि घरी जातो. ते कट कुणाला दिसत नाहीत.

आता तुमचं प्रकरण. प्रमाणपत्र मिळालेल्या सिनेमाला कुणी धमकी देतं म्हणून तो थांबवायचा का, यावर १९८९ चा रंगराजन खटल्याचा निकाल अगदी स्पष्ट आहे. आरक्षणावरचा एक तमिळ सिनेमा होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढं अभिव्यक्ती दडपता येणार नाही, संरक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आम्हाला हे आवरता येत नाही अशी सबब सरकारनं सांगायची नाही. अभिव्यक्ती आणि धोका यांचं नातं दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतकं जवळचं असेल, तरच रोखता येईल.

पण हे सगळं सरकारला बांधतं. हॉलचा मालक खासगी आहे, तो जागा नाकारू शकतो. म्हणून आधी फोन कुणाचा होता ते शोधा. फोन पोलिसांचा असेल तर तोंडी सांगणं हा आदेश होत नाही. जुनं कलम १४४, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३, त्याखालचा आदेश लेखी असतो आणि त्यात कारण द्यावं लागतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश तर पेपरात आतल्या पानावर येतातच, तुम्ही वाचत असाल. माहिती अधिकारात एक साधा अर्ज टाका, अमुक तारखेच्या कार्यक्रमाबाबत काही सूचना दिली होती का. माझ्या अनुभवात बऱ्याचदा उत्तर येतं, "असा कोणताही आदेश देण्यात आलेला नाही." तो कागद घेऊन मॅनेजरकडं जा. त्यालाही धीर येतो.

खाकीघर

माझे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले, म्हणून एक बाजू मांडते. फोन त्यांचाच होता असं धरून बसू नका. हॉलचं भाडं भरणारा दुसरा कुणी मोठा गिऱ्हाईक असू शकतो, ट्रस्टी असू शकतो.

आणि पोलिसांचा असला, तर तो फोन करणाऱ्या हवालदाराचंही बघा. गणपती, नवरात्र, रामनवमी, रमजान, जयंत्या, निवडणुका, त्यात आता सिंहस्थ आलाच. बाबा सलग तीन दिवाळ्या बंदोबस्तावर होते. काही घडलं की पहिला प्रश्न ठाण्याला येतो, "तुम्हाला आधी माहीत नव्हतं का?" न घडलेल्या कार्यक्रमाबद्दल मात्र कुणी कधी जाब विचारत नाही. त्यामुळं कार्यक्रम होऊच नये हे त्यांना सोपं पडतं. मी त्याचं समर्थन करत नाहीये. बाबांनाही ते आवडायचं नाही. ते म्हणायचे, चार शिपाई द्या मला, सभा मी करून देतो. ते चार शिपाई कधी मोकळे नसायचे.

पंचवटीकर

खुर्च्या पुसणाऱ्या तिघांतला एक मी.

माझं राजकारण गोदाकाठच्या उलट आहे, हे गटात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुणाला मत देतो ते मी कधी लपवलं नाही. 'कोर्ट' मला आवडत नाही. तो कसबी आहे हे मान्य, पण त्यात व्यवस्थेतला एकही माणूस मनानं मोठा दाखवलेला नाही असं मला वाटतं, आणि ते मी सिनेमा संपल्यावर उभा राहून बोलणार होतो. लिहूनही काढलं होतं. शनिवारी फोन आल्यावर गोदाकाठइतकंच मलाही लागलं.

पण बरेच दिवस मनात आहे ते आज बोलतो. गेल्या वर्षी मी एक सिनेमा सुचवला होता. नाव घेत नाही, घेतलं तर हा धागा उद्या सकाळपर्यंत त्याच सिनेमावर भांडत बसेल. त्यालाही सर्टिफिकेट होतं. तोही लोकांनी रांगा लावून पाहिला होता. आपल्या टेबलावर काय झालं? "हा प्रचार आहे, आपल्या उपक्रमात नको." दोन मिनिटांत विषय संपला. मी अजून तोंड उघडत होतो तेवढ्यात पुढचा सिनेमा ठरलासुद्धा. गोदाकाठ, तू माझ्या शेजारी बसला होतास. तू पाव मोडत होतास आणि ताटाकडं बघत होतास. बाहेर पडताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "समजून घे रे."

शनिवारी मॅनेजरच्या तोंडून तेच शब्द ऐकले, तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं होतं. तुझ्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

गोदाकाठ

आलं होतं.

मी गप्प बसलो ते चूकच होतं. कारण सांगतो, सबब म्हणून नाही. तो सिनेमा मी आधी पाहिला होता आणि त्यानं मला आतून हलवलं होतं. रागावलो होतो मी. त्यातल्या काही गोष्टी मला खोट्या वाटतात, आजही वाटतात. पण ते सांगायची जागा सिनेमा संपल्यानंतरचा तास ही होती. तो तास आपण त्यासाठीच ठेवलाय ना? तुझं म्हणणं न ऐकता पुढं गेलो याबद्दल मनापासून माफी मागतो. इथं, सगळ्यांसमोर, कारण ते झालंही सगळ्यांसमोर होतं.

सिडकोवाली

मी माफी मागणार नाही, कारण "नको" म्हणणारी मी होते आणि माझं मत तेच आहे.

आठ जणांनी आपल्या वेळेत, आपल्या पैशानं काय बघायचं ते ठरवणं ही निवड आहे. पंचवटीकर दादांना तो सिनेमा कुठंही लावू दे, मी अडवायला जाणार नाही, कुणाला फोन करणार नाही. या दोन गोष्टी एका मापानं मोजू नका.

आणि माझं कारण प्रचार हे नव्हतंच, ते दुसऱ्या कुणीतरी म्हटलं होतं. माझ्या शेजारच्या आपा 'सिंहासन'ला आल्या होत्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदा आमच्या कार्यक्रमाला आल्या, मधल्या रांगेत बसल्या. दादांचा तो सिनेमा लागला असता आणि हॉलमध्ये कुणी घोषणा दिली असती, जशी तेव्हा कित्येक थिएटरांत देत होते, तर त्या साठ माणसांत बसून आपांना काय वाटलं असतं? त्यानंतर मी त्यांच्याकडं वाटी मागायला कुठल्या तोंडानं गेले असते? मला त्या टेबलावर हे नीट मांडता आलं नाही. मी फक्त "नको" म्हटलं. तेवढी माझी चूक.

पंचवटीकर

ताई, आपांचं तुम्ही तेव्हा बोलला असतात तर मी काय उत्तर दिलं असतं, मला माहीत नाही. विचार करतोय. घोषणा मी देऊ दिल्या नसत्या, एवढं नक्की.

नाशिकरोडकर

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

आमचं घर नाशिकरोडला, जेल रोडच्या आतल्या बाजूला. १९७५ साली मी चौथीत होतो. जुलैच्या एका पहाटे वडिलांना घेऊन गेले. मिसा, म्हणजे खटल्याशिवाय कोंडून ठेवायचा कायदा. आईनं डब्यात दशम्या बांधून दिल्या, पोलीस म्हणाला, "वहिनी, दोन दिवसांत येतील." एकोणीस महिन्यांत आले. गंमत अशी नाही, पण विचित्र असं, की ते होते आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. तुरुंगाची भिंत शाळेच्या वाटेवर. मी रोज त्या भिंतीकडं बघत शाळेत जायचो आणि ती एवढी लांब का आहे, हे मला कळायचं नाही.

पत्रं यायची. पोस्टकार्डावर मधल्या ओळी काळ्या शाईनं भरलेल्या. आई ते कार्ड खिडकीच्या उजेडात तिरपं धरायची, खालची अक्षरं दिसतायत का बघायची. एकदा दिसली. लिहिलं होतं, "पोटदुखी थांबली." एवढंच. ते कुणी आणि कशाला खोडलं असेल, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यांच्या बराकीत संघाचे होते, समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, आणि दोघं तर असे होते की त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं आपण कुठल्या पक्षाचे म्हणून आत आलो. वडील सांगायचे, सकाळी वाद, दुपारी एकच भाजी निवडायला सगळे, रात्री परत वाद. त्याच तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. वडिलांना त्याचं फार अप्रूप होतं. अत्र्यांनी त्यावर काढलेल्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांतलं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा वडील कॉलेजात होते. ते म्हणायचे, सरकारनं ज्याला कोंडलं त्याच्या पुस्तकावरच्या सिनेमाला पुढं सरकारनंच पदक दिलं, मधे फक्त वीस-एकवीस वर्षं आणि स्वातंत्र्य.

सिनेमाचं म्हणाल तर आणीबाणीत 'आँधी' थिएटरांतून काढला. 'किस्सा कुर्सी का'च्या रिळा जप्त करून जाळल्या, दिग्दर्शकानं १९७८ साली तो सिनेमा नव्यानं केला. किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवर लागेनाशी झाली. आम्हा पोरांना राज्यघटनेचं काही कळत नव्हतं, पण रेडिओवर किशोर का लागत नाही, हे मात्र सगळ्या गल्लीला विचारायचं होतं. मोठी माणसं म्हणायची, "हळू बोल."

कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहून बोलल्या, त्याची बातमी आईला एका बाईनं देवळात कानात सांगितली होती. घरी येऊन आई बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होती. रडत होती का हसत होती, ते पाठमोरं कळलं नाही.

१९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आणीबाणीत कोंडलेल्या माणसाला न्यायालयात दादच मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे ह. रा. खन्ना विरोधात गेले. वडिलांनी पुढं त्यांचं चित्र पेपरातून कापून देवघराशेजारी लावलं होतं. ४४ व्या घटनादुरुस्तीनं जीविताचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येणार नाही असं झालं, आणि तो १९७६ चा निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हणायला २०१७ उजाडलं. वडील २००९ ला गेले.

पंचवटीकर, तुम्ही खुर्च्या पुसायला गेलात हे वाचून मला त्यांची बराक आठवली. म्हणून लिहिलं.

कट्टा_कॉलेजरोड

काका, पोस्टकार्डाचं वाचून पुढं स्क्रोलच करता येईना.

माझ्या पिढीची आठवण वेगळी आहे. २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. मुंबई बंद कशासाठी, एवढंच एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं ते लाइक केलं होतं. मी सातवीत होते. पप्पांनी त्याच रात्री माझं अकाउंट बंद करायला लावलं. पुढं श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं. मी पप्पांना ती बातमी दाखवली. ते म्हणाले, "कलम गेलं, लोक तेच आहेत." त्यांचं खरं निघालं, रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस पुढं कित्येक वर्षं गुन्हे नोंदवत राहिले, २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानंच त्यावर संताप व्यक्त केला.

अजूनही काही लिहिताना आधी पप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. आत्ताही आला.

तिसरी_घंटा

सिनेमावाल्यांना सेन्सॉर बोचतं, आम्हा नाटकवाल्यांचं तर कुणाला माहीतही नसतं. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून आणावी लागते. राज्य नाट्य स्पर्धेला सायखेडकर नाट्यगृहात प्रयोग लावायचा असला तरी ते प्रमाणपत्र फाइलला हवंच. गेली तीस वर्षं हौशी नाटकं करतोय. एकदा आमच्या संहितेतला एक शब्द बदलायला सांगितला. शब्द होता "मालक". का, ते अजून कळलं नाही. नटाला दोन महिने पाठ झालेला शब्द, ऐन प्रयोगात त्याच्या तोंडून तोच गेला. विंगेत मी डोळे मिटून उभा.

या सगळ्याची मुळं फार मागं जातात. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा इंग्रजांचा. आपल्या नाशिकचं तर त्यात फार जवळचं नातं आहे. १९०९ च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना कवितांची पुस्तिका छापली म्हणून जन्मठेप, काळं पाणी. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग होता, तिथं अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सरकारनं पुढं काय केलं बघा. १९१० च्या जानेवारीत खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी, फेब्रुवारीत छापखान्यांच्या मुसक्या आवळणारा कायदा. कविता कोंडली, त्यानं गोळी थांबली नाही, म्हणून आणखी नाटकं आणि पेपर कोंडले. मी गोळीचं समर्थन करत नाही, माझ्या मते रंगमंचासमोर रक्त सांडणं हे कुठल्याही काळात भयंकरच. पण उलटा धडा घेण्याची ही सरकारी खोड तिथून दिसते.

आणि त्याच जिल्ह्यात, त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ ला पहिला सिनेमा दाखवला तेव्हा सिनेमाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. तो १९१८ चा. फाळके स्मारकात पोरं सहलीला जातात, तिथं हे कुणीतरी सांगायला हवं.

'सखाराम बाइंडर' नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले, म्हणून आमची पिढी थोडं मोकळं लिहू शकली. बाररूम म्हणतात ते बरोबर. कागद मागा.

सुरगाणा

मी लिहिणाऱ्यातला नाही, पण एक सांगतो. २०१८ च्या मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, मुंबईपर्यंत. माझी आत्या होती त्यात, वनजमिनीचा दावा तिचा कैक वर्षं पडून. कसारा घाट उतरली तेव्हा चपलेचा अंगठा तुटला, सुतळीनं बांधून चालली. शेवटच्या रात्री सगळे थकून बसले होते, तर निरोप आला की सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर आहे, गर्दीनं त्यांचा खोळंबा होईल. तर रातोरात उठून आझाद मैदानात गेले. आत्या म्हणे, पाय उचलत नव्हते पण पोरांचा पेपर होता.

बोलायचा हक्क म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आम्हाला हॉल नसतो. रस्ता असतो. १९३० ला बाबासाहेबांच्या हाकेवर लोक काळारामाच्या दाराशी पाच वर्षं सत्याग्रहाला येत राहिले, त्यांनाही कुणी हॉल दिला नव्हता. म्हणून जमाव करायला परवानगी नाही असं कुठं वाचलं की मला त्यात आत्या दिसते. शहरातल्या माणसाला वाटतं मोर्चानं ट्रॅफिक होतो. होतो. मान्य.

बाररूम

सुरगाणाभाऊ, तुमच्याच मुद्द्याला जोडून. २०२५ च्या जुलैत जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात संमत झालं. त्याआधी मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, मी आणि आमच्या बारमधल्या काही जणांनी पाठवल्या. आधीच्या मसुद्यात 'व्यक्ती' हा शब्द होता, तो समितीत बदलला, रोख संघटनांवर ठेवला. मला आजही तो कायदा फार मोघम वाटतो, 'कडव्या डाव्या आणि तत्सम संघटना' यातल्या 'तत्सम' या शब्दात काय काय बसवतील याची काळजी वाटते. पण एक शब्द हलला. कागदावर लिहून, सही करून पाठवल्यानं हलला.

पंचवटीकर आणि सिडकोवाली ताईंच्या वादावर एवढंच, की ताई कायद्यानं बरोबर आहेत. निवड म्हणजे बंदी नव्हे. पण आठ माणसांच्या टेबलावर कायदा कोण बघतो?

गोदाकाठ

आज सकाळी मॅनेजरला भेटलो. फोन पोलिसांचा नव्हता, एवढं त्यानं सांगितलं. कुणाचा ते त्याला सांगायचं नाही आणि मीही ताणलं नाही. त्याची पोरगी बारावीला आहे, हॉलची नोकरी जाऊ नये असं मलाही वाटतं. भाड्याची आगाऊ रक्कम त्यानं पाकिटात घालून परत दिली, मोजून घ्या म्हणाला. मी मोजली नाही.

दुसरे तीन हॉल विचारले. एकानं तारीख नाही म्हटलं. एकानं सिनेमाचं नाव विचारलं आणि मग तारीख नाही म्हटलं. तिसऱ्याचा फोन अजून यायचाय.

पंचवटीकर

हॉल सोडा. आमच्या वाड्याचा चौक आहे. आईला विचारलं, ती म्हणाली, चौकात तुझ्या मुंजीला पन्नास पानं बसली होती, पन्नास माणसं बसतील की. पुढच्या रविवारी. रामकुंडावरची आरती संपू द्या, भोंग्याचा आवाज चौकात येतो, म्हणून पावणेआठला सुरू करू. समोरच्या भिंतीला चुना नवीन आहे, पडदा नसला तरी चालेल, पण आणाच.

'कोर्ट' संपल्यावर पहिला मी बोलणार. माझं लिहिलेलं अजून खिशात आहे.

आणि माझा तो सिनेमा नंतर कधीतरी. आधी ताईंशी बसून बोलतो, मग ठरवू लावायचा का, आणि लावला तर कसा.

सिडकोवाली

येते. बोलू आधी, चालेल.

खाकीघर

जवळच्या ठाण्यात एक साधं पत्र देऊन ठेवा, परवानगी मागणारं नको, माहितीसाठी. दिनांक, वेळ, किती माणसं, आवाज वाड्याबाहेर जाणार नाही. पोच घ्या. बाबा मसुदा करून देतो म्हणाले, आणि ते स्वतः येणार आहेत.

गोदाकाठ

जागा बदलल्याचं हक्कधारकांना कळवलं, त्यांचं हो आलं. प्रोजेक्टर माझा. वायर किती लांब लागेल?

पंचवटीकर

प्लग माजघरात आहे, तिथून चौकाच्या टोकापर्यंत पंचवीस फूट धर. सतरंज्या शेजारून मिळतील. ज्यांना अंगाखाली काही लागतं त्यांनी बसकर आणावं, फरशी गार पडते.

सिडकोवाली

आपांना विचारलं. येतो म्हणाल्या, पण गुडघ्यामुळं त्यांना खाली बसवत नाही. एक खुर्ची लागेल.

पंचवटीकर

खुर्च्या आहेत. दिंडी दरवाजाचा उंबरा उंच आहे, आणि तिथला दिवा गेलाय. आलात की फोन करा, मी बाहेर येतो.